नऊ महिने स्पंज फिल्टर: फायटर मासा मजेत, पण तो व्हॉल्व्ह!

पहाटे लाईट गेली आणि सकाळी माशाच्या टाकीच्या एअर पंपातून पाणी टपकत होतं. पंप टाकीखालच्या कप्प्यात होता. हवा थांबली की नळीतून पाणी उलटं खाली येणार, हे शाळेतलं सायफन. ते अडवायला नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह होता, किटबरोबर आलेला. त्यानं काही अडवलं नाही. स्पंज फिल्टर म्हणजे पंपाच्या बुडबुड्यांनी पाणी स्पंजातून ओढणारा फिल्टर, आणि इथं नळीचं टोक स्पंजच्या बुडाशी असतं. सायफन एकदा सुरू झाला की पाणी तळापर्यंत उतरू शकतं. चार लिटरवर निभावलं.

पंपाला एक वर्षाची वॉरंटी. विकणाऱ्याचं उत्तर, 'आत पाणी गेलंय, वॉरंटी बाद.' पाणी आत गेलं ते तुमच्याच किटमधल्या व्हॉल्व्हमुळं, हे तीन फोन आणि एका व्हिडिओनंतरही त्यांना पटलं नाही. १५-२० रुपयांच्या तुकड्यापायी साडेतीनशेचा पंप गेला. म्हणून हा रिव्ह्यू लांबणार आहे, आणि व्हॉल्व्हवर जरा जास्तच लांबणार आहे.

आधी फिल्टरचं. टाकी दीड फूट बाय दहा बाय दहा इंच. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली (फायटर उडी मारतो) तर पाणी साधारण २४ लिटर. एकच हाफमून (अर्धचंद्रासारख्या मोठ्या शेपटीचा) फायटर नर, वर झाकण, थोडा जावा फर्न (पाण्यातली वनस्पती). या मापाला स्पंज फिल्टरच योग्य, यावर नऊ महिन्यांनीही मत तेच आहे. काचेवर अडकवायचा फिल्टर ताशी ३०० लिटर पाणी फिरवतो, म्हणजे ही टाकी तासाला बारा वेळा. मोठ्या शेपटीच्या माशाला त्यात पोहणं म्हणजे पुरात पोहणं. पंख मिटून कोपऱ्यात बसतो, शेपटी फाटते. आणि सांगलीत उन्हाळी वळीव आला की लाईट चार-चारदा जाते-येते. अडकवायच्या फिल्टरमधलं पाणी उतरलं असेल तर लाईट आल्यावर तो कोरडाच घरघरत राहतो. स्पंजला तसलं काही नाही. हवा आली की काम सुरू.

लाईट गेली म्हणून मासा लगेच गुदमरत नाही. फायटर पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, त्याला त्यासाठी वेगळा अवयवच आहे. काळजी करायची ती स्पंजमधल्या बॅक्टेरियाची. माशाच्या घाणीतला विषारी अमोनिया तेच संपवतात, आणि त्यांना ऑक्सिजन लागतो. स्पंज उघड्या पाण्यात असल्यानं बंद डब्याच्या फिल्टरपेक्षा ते जास्त तग धरतात. लाईट लांबली तर स्पंजभोवतीचं पाणी हातानं अधूनमधून ढवळायचं आणि खाणं बंद ठेवायचं. बस्स.

हवेचा जोर कमी करायला नळी चिमटू नका. पंपावर मागून दाब येतो आणि आतला रबरी पडदा फाटतो. टी (तीन तोंडांचा जोड) जोडायचा, एक फाटा स्पंजला, दुसऱ्यावर छोटा कंट्रोल व्हॉल्व्ह लावून जास्तीची हवा बाहेर सोडायची. स्पंजच्या नळीच्या आत एअर स्टोन बसत असेल तर बसवा, बुडबुडे बारीक होतात आणि रात्रीचं बडबड-बडबड थांबतं. नवीन स्पंज तरंगतो. पाण्याखाली चार-पाचदा दाबून हवा काढली की बसतो. हे किटच्या कागदावर लिहायला काय जातं?

सफाई: टाकीतलं पाणी बादलीत काढायचं, त्यात स्पंज तीन-चारदा पिळायचा, परत लावायचा. नळाखाली नाही, क्लोरीननं बॅक्टेरिया मरतात. मग फिल्टर म्हणजे नुसता स्पंजचा तुकडा. चकाचक करायचा नाही, तपकिरीच राहू द्यायचा. आधी दर पंधरा दिवसांनी करत होतो, ते उगाचच होतं. आता बुडबुड्यांचा जोर कमी दिसला तरच, म्हणजे चार-पाच आठवड्यांनी. स्पंज फाटेपर्यंत बदलायचा नाही. 'दर तीन महिन्यांनी नवा स्पंज' हे दुकानदाराच्या सोयीचं गणित.

आता पाणी. इथं मत पूर्ण उलटं झालंय. पहिले दोन महिने टाकीत शंभर टक्के आरओचं पाणी होतं, कारण बोअरचं नको आणि नळाच्या क्लोरीनची धास्ती. पीएच साडेसातवरून उतरत सहाजवळ आला, आणि तोवर शून्य असलेला अमोनिया टेस्टमध्ये दिसायला लागला. कारण साधं आहे. बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्रेट करताना पाण्यातली क्षारता (आम्ल झेलायची ताकद) खातात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला सात ग्रॅमच्या वर क्षारता लागते. आरओच्या पाण्यात ती जवळजवळ नसतेच. ती संपली की पीएच घसरतो, आणि सहाच्या आसपास बॅक्टेरियाचं काम मंदावतं. दोष फिल्टरला दिला, चूक पाण्याची होती. बरं, अशा वेळी घाईनं पीएच वर आणणं आणखी वाईट. पीएच ७ ला, २५ अंशांवर, मोजलेल्या अमोनियातला अर्धा-पाऊण टक्काच विषारी रूपात असतो, ८ ला पाच टक्क्यांच्या वर. म्हणून रोज तीन-चार लिटर पाणी बदलत आठवडाभरात हळूहळू नळाच्या पाण्यावर आणलं.

बोअर मात्र तपासल्याशिवाय नको. वाळवा-पलूस पट्ट्यातल्या क्षारपड जमिनी पाहिलेल्या माणसाला कारण सांगायला नको. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं मीटर घ्या, दीडशे-दोनशेत मिळतो. समजा बोअर १२०० आणि आरओ ५० दाखवतो, तर एक भाग बोअर, तीन भाग आरओ घातलं की साधारण ३४० होतं. फायटरला चालतं, क्षारताही राहते. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याची काटकसर इथं करू नका. त्यात सगळे क्षार साठलेले असतात, ते फरशी पुसायला.

आपल्याकडे नळाला येतं ते कृष्णेचं. जून-जुलैत नदी लाल झाली की तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढतं, बादलीवर वाकलं तरी वास येतो. ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडली त्या दिवशी तर विचारूच नका. उन्हाळ्यात पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवलं तरी भागतं. पावसाळ्यात त्यावर विसंबायचं नाही. तुरटीचा गाळ बसायला रात्रभर ठेवायचं, तळाचं दोन बोटं पाणी सोडून द्यायचं, वरच्या पाण्यात हायपो घालायचा. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, केमिकलच्या दुकानात खडे मिळतात. १० ग्रॅम खडे एक लिटर आरओच्या पाण्यात विरघळवा. एरवी लिटरला एक मिली, पावसाळ्यात दोन मिली. सहा लिटर बदलायचं असेल तर सहा किंवा बारा मिली, औषधाच्या सिरिंजनं मोजायचं. थोडं जास्त पडलं तर बिघडत नाही. एक्वेरियमच्या दुकानातली क्लोरीन घालवायची बाटली बहुतेक हेच काम करते, फक्त खिशाला कळतं.

आठवड्याला सहा लिटर बदललं की नायट्रेट २० पीपीएमच्या खाली राहतं. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत, 'थोडंसं आहे' चालत नाही. टेस्ट थेंबांची घ्या, पट्ट्या दमट हवेत खराब होतात. नवीन टाकी असेल तर चार ते सहा आठवडे फिल्टर जुळायला, म्हणजे त्यात बॅक्टेरिया वाढायला, द्या. जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज शेजारी लावला तर वेळ बराच वाचतो. एप्रिल-मेमध्ये पाणी उडून पातळी उतरते तेव्हा फक्त तेवढ्या भरीला आरओ वापरा. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. थंडीत ५० वॅटचा हीटर, २६ अंशांवर. खाणं दिवसाला चार-सहा दाणे. यापेक्षा जास्त घालून फिल्टरला नावं ठेवू नयेत.

वीज: पंप तीन वॅटचा, चोवीस तास चालून महिन्याला दोन-सव्वादोन युनिट. तक्रार नाही.

आता परत व्हॉल्व्ह. मेलेला कापून पाहिला. आत पातळ रबराची पापणी असते. हवा एका बाजूनं आली की उघडते, उलट आली की मिटते. ही कडक झाली होती आणि कडेला पांढरा थर. बुडबुडे नळीत पाणी चढवतात, ते वाळतं, क्षार उरतात. व्हिनेगरमध्ये तासभर ठेवून थर निघतो, पण कडक झालेलं रबर मऊ होत नाही, तेव्हा फेकून द्या. तपासायची रीत: नळीतून काढा, बाणाच्या दिशेनं फुंका, हवा जायला हवी. उलट फुंका, अजिबात जाता कामा नये. 'जराशी जाते' म्हणजे बाद. बाण नसेल तर फुंकूनच दिशा ठरवा, उलटा लावला तर बुडबुडेच येणार नाहीत आणि पंपावर दाब येईल. व्हॉल्व्ह पंपाजवळ नको, टाकीच्या काठाजवळ, पाण्याच्या पातळीच्या वर बसवा, म्हणजे पाणी त्याच्यापर्यंत कमी पोचतं.

आणि पंपच वर ठेवा. हे आधी न सुचल्याचा राग विकणाऱ्यावरच्या रागाइतकाच आहे. नवा पंप टाकीच्या वरच्या फळीवर, जुन्या पायपुसणीच्या घडीवर ठेवलाय. पाणी वर चढत नाही आणि घरघरही निम्मी झाली.

आधी पाचपैकी दोन तारे द्यायचे होते. फिल्टरला चार देतोय, किटला अडीच, विक्रीनंतरच्या सेवेला काही नाही. नवीन व्हॉल्व्ह दोन आणलेत, पंधरा रुपयांचा एक. एकावर मार्करनं महिना लिहून लावलाय, दुसरा नळीलाच रबरबँडनं बांधून ठेवलाय.