मुरघास आणि संतुलित रेशन: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचा पट्टा उसाचा. हंगामात गाईंपुढे वाढं, एरवी वाळका कडबा आणि वर अंदाजपंचे गोळीपेंड, असा सगळ्यांचाच कारभार. उन्हाळ्याच्या तोंडाला मक्याचा मुरघास (हवाबंद करून आंबवलेली हिरव्या मक्याची कुट्टी) सुरू केला आणि डॉक्टरांकडून दुधाप्रमाणे रेशन, म्हणजे रोजच्या खाद्याचं प्रमाण, मांडून घेतलं. यानं मिथेन, म्हणजे गाईच्या पोटात बनणारा आणि हवामान तापवणारा वायू, कमी होतो हे कानावर होतं, पण माझा डोळा दुधावर.

कोटीपोटात (गाईच्या पहिल्या, मोठ्या पोटात) तंतुमय चारा आंबतो, त्यातून ॲसिटेट नावाचं आम्ल बनताना हायड्रोजन सुटतो आणि तिथलेच सूक्ष्मजीव त्याचा मिथेन करतात. गाय तो बहुतेक ढेकरातूनच सोडते, मागून नव्हे. दाण्यातल्या स्टार्चपासून प्रोपिओनेट हे दुसरं आम्ल बनतं, त्यात हायड्रोजन खपतो, म्हणून मिथेन कमी. खाल्लेल्या ऊर्जेतली साधारण 2 ते 12 टक्के ढेकरात जाते, म्हणजे आपण पैसे मोजून घेतलेलं खाद्यच हवेत जातं.

गोठ्यात मिथेन मोजायचं यंत्र नसतं, पण शेण बघता येतं. पूर्वी त्यात लांब काड्या दिसायच्या, त्या गेल्या. उलट मुरघासाच्या एका लॉटमध्ये शेणात मक्याचे अख्खे दाणे पडू लागले. कुट्टी करताना दाणा फुटलेला नसला की मुरघासाचे पैसे शेणात. आता पिशवी फोडली की मूठभर घेऊन आधी दाणा बघतो, मग वास. आंबूस-गोडसर हवा. एका पुरवठादाराच्या पिशव्यांत कडेला काळी बुरशी निघाली, बदलून द्यायला त्यानं चक्क नकार दिला. तेवढा मुरघास उकिरड्यावर गेला.

दूध वाढलं, गाई अंगानं भरल्या. फॅट मात्र घसरली! डेअरीचा भाव 3.5 फॅट, 8.5 एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), त्यामुळे हे लगेच बिलात दिसलं. ज्या ॲसिटेटच्या मागे मिथेन येतो, त्याच ॲसिटेटपासून दुधातली फॅट बनते. हे मुरघास विकणारा कधी सांगत नाही. थोडा कडबा परत चालू केला, कुट्टी जरा लांब ठेवली, तेव्हा गाई दुपारी निवांत रवंथ करू लागल्या आणि फॅट वर आली.

मग मिथेन कमी झाला का? लिटरमागे झाला असणार. गाय आठ लिटर देवो की सोळा, अंग पोसण्यापुरतं खाणं तिला लागतंच, आणि त्यातला मिथेन जास्त दुधावर वाटला जातो. पण दुभती गाय खातेही जास्त, तेव्हा एका गाईचा दिवसाचा एकूण मिथेन घटलाच असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. थेट मिथेनवर काम करणारं म्हणजे बेंगळुरूच्या आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद) संस्थेचं ‘हरित धारा’, हे टॅनिन (वनस्पतींतला तुरट घटक) असलेलं पूरक खाद्य. संस्था मिथेनमध्ये 17 ते 20 टक्के घट सांगते. ते मी वापरलेलं नाही.

पाच-सहा लिटरच्या गाईला विकतचा मुरघास परवडत नाही. तिला हिरवी वैरण, मिनरल मिक्श्चर आणि मोजून पेंड पुरे. घेणार असाल तर एकदम बदलू नका, आठ-दहा दिवस थोडा थोडा वाढवत न्या, नाहीतर गाय खाणं सोडते आणि पातळ शेण टाकते. माझ्या आटलेल्या गाई सध्या कडब्यावरच आहेत.