फिजिओथेरपीच्या सहा बैठका : पाचपैकी साडेतीन

मी कपडे शिवते. रोज सात-आठ तास मशीनवर वाकलेली. गेल्या वर्षी कंबर धरली आणि महिनाभरात कळ उजव्या कुल्ल्यातून थेट पोटरीपर्यंत उतरायला लागली.

आधी अर्थातच फुकटचं करून पाहिलं. मोबाइलवर कंबरदुखीच्या व्यायामांचा एक व्हिडिओ सापडला. पहिलाच व्यायाम पाठीवर झोपून गुडघे छातीशी घ्यायचा, पवनमुक्तासनासारखा. करताना इतकं बरं वाटायचं! उठल्यावर अर्ध्या तासात पोटरीत कळ. मला वाटलं, आपलाच व्यायाम कमी पडतोय, म्हणून दहाचे वीस केले. पंधरा दिवसांत खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार घ्यायची वेळ आली, तेव्हा कुठे फिजिओकडे गेले.

पहिल्या बैठकीत बाईंनी जवळजवळ पाऊण तास नुसती चौकशी केली. बसल्यावर जास्त दुखतं की उभं राहिल्यावर? शिंकताना कळ जाते का? लघवी-शौचावरचा ताबा, जांघेतला बधिरपणा, पायातली ताकद कमी होणं, ताप, विनाकारण वजन घटणं हेही विचारलं. यातलं काही असतं तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टरकडे पाठवलं असतं म्हणाल्या. मग टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं.

त्यानंतर उभ्याने दहा वेळा पुढे वाकायला लावलं. पोटरीतली कळ लगेच हजर. मग पालथं झोपून, कंबर सैल सोडून, हातांवर छाती उचलायची. भुजंगासनच म्हणा, फक्त जोर सगळा हातांचा. दहा वेळा केल्यावर पोटरी मोकळी झाली, पण कंबर आधीपेक्षा जास्त दुखायला लागली. मी घाबरले. बाई मात्र खूश! कळ पायातून वर सरकत कण्याकडे आली तर दिशा बरोबर आहे, खाली उतरायला लागली तर थांबायचं, असं त्यांनी सांगितलं. हे रॉबिन मॅकेन्झी नावाच्या न्यूझीलंडच्या फिजिओथेरपिस्टला १९५६ साली योगायोगानेच कळलं म्हणे. पाय दुखणारा एक रुग्ण चुकून डोक्याकडची बाजू वर केलेल्या टेबलावर पालथा झोपून राहिला, आणि उठला तेव्हा पाय दुखायचा थांबला होता.

मी गिऱ्हाइकाचं माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. स्वतःच्या कंबरेला मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचा व्यायाम चढवून बसले होते.

सासूबाईंचीही कंबर दुखते, म्हणून माझाच व्यायामाचा कागद त्यांना द्यावा असं मनात होतं. बरं झालं आधी विचारलं. त्यांचे पाय चालताना भरून येतात आणि बसून पुढे झुकलं की बरं वाटतं. बाईंनी त्यांनाही बोलावून तपासलं. कण्यातली जागा अरुंद झाली की असं होतं, अशा माणसाला मागे वाकणं बहुधा सोसत नाही. त्यांना नेमका गुडघे छातीशी घ्यायचाच व्यायाम मिळाला.

मला दर दोन-तीन तासांनी दहा वेळा पालथं पडायचं होतं, घरात गिऱ्हाईक असलं तरी आत जाऊन. सकाळी उठल्यावर पहिला तासभर खाली वाकायचं नाही, कारण मणक्यांमधल्या चकत्या रात्रभरात पाणी शोषून फुगलेल्या असतात. तीन आठवड्यांनी पाय शांत झाला. मग रांगत्या स्थितीत उलट हात-पाय लांब करून दहा सेकंद धरणं आणि गुडघे टेकवून कुशीवरचा प्लँक, म्हणजे कोपरावर अंग उचलून सरळ धरणं, सुरू केला. उताणं झोपून उठाबशा काढायला त्यांनी साफ नाही म्हटलं.

आता तक्रारी. तिसऱ्या बैठकीपासून बाई पाच मिनिटं भेटायच्या, बाकी वेळ मदतनीस शेक आणि करंटचं मशीन लावून फोन बघत बसायचा. तेवढा वेळ बरं वाटायचं, घरी येईपर्यंत संपायचं. व्यायामाच्या कागदाची झेरॉक्स इतकी पुसट, की चित्रातला माणूस पालथा आहे की उताणा हेच कळेना. आणि काउंटरवर कंबरेचा पट्टा घ्या म्हणून मागे लागले. घेतला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी ज्या गोष्टी सरसकट करू नका म्हटलं आहे, त्यांत असे पट्टे आहेत, हे मी नंतर वाचलं. पट्टा कपाटात आहे.

दीड गुण या सगळ्याचा कापला. तुम्ही गेलात तर पहिली बैठक पूर्ण वेळ घ्या, आणि व्यायाम आपल्यासमोर करवून घेतल्याशिवाय निघू नका. दुखणं कुठून कुठे सरकतं ते रोज लिहून न्या. माझ्या त्या वहीनेच चौथ्या बैठकीत एक व्यायाम बदलून मिळाला.

सध्या मशीनवर चाळीस मिनिटांचा गजर लावते. वाजला की उठायचं, हातातली शिवण अर्धी असली तरी. चटई एकच आहे. सकाळी सासूबाई तिच्यावर गुडघे पोटाशी घेऊन पडतात, दुपारी मी पालथी.