गाडीच्या वायरिंगला कुठली टेप लावायची? वापरलेल्या टेप्सचा मनापासून रिव्ह्यू

घरी बसून गाडीचं वायरिंग करणाऱ्यांच्या डब्यात बहुतेक वेळा एकच काळी टेप सापडते, आणि मग तीच हेडलाइटच्या मागे, तीच डॅशबोर्डखाली, तीच इंजिनला खेटून जाणाऱ्या वायरला. माझं याबाबत मत पक्कं आहे, टेप जागा बघून घ्यायची असते, ब्रँड त्याच्यानंतर. आत्तापर्यंत ज्या टेप्स वापरल्या आणि ज्या दुसऱ्यांनी लावलेल्या मी सोडवत बसलो त्या सगळ्यांबद्दल इथे सांगतोय, थोडं लांबेल पण ज्याला काम करायचंय त्याला उपयोगी पडेल.

आधी रोलवरच्या आकड्यांबद्दल. जवळजवळ प्रत्येक रोलवर ६०० व्होल्ट असं ठळक लिहिलेलं असतं आणि लोक तेच बघून घेतात. साध्या गाडीचं वायरिंग १२ व्होल्टचं, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास, त्यामुळे व्होल्टेजच्या बाबतीत कुठलीही इलेक्ट्रिकल टेप पुरून उरते. गाडीत टेप मरते ती उष्णतेने, तेलाने, पाण्याने आणि दिवसभर चालणाऱ्या थरथरीने. म्हणून बघायचा आकडा तापमानाचा. स्वस्तातल्या पीव्हीसी टेप, म्हणजे त्या नेहमीच्या काळ्या प्लॅस्टिकच्या, साधारण ८० डिग्रीपर्यंतच्या असतात, चांगल्या १०५ पर्यंत जातात. रोलवर तापमान छापलेलंच नसेल तर तो रोल मी गाडीसाठी घेत नाही.

आता त्या चिकट काळ्या लगद्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त वैताग त्याचाच. जुन्या गाडीच्या हार्नेसवरची, म्हणजे वायरींच्या बांधलेल्या जुडग्यावरची टेप सोडवायला घ्या, वरची पट्टी कडक होऊन आक्रसलेली असते, टोक उचकटून झेंड्यासारखं बाहेर आलेलं, आणि खाली सगळा गोंद पातळ होऊन वायरींच्या मधे उतरलेला. बोटाला लागला की गोंदाच्या तारा सुटतात, त्यात धूळ, त्यात इंजिनचं तेल, आणि वायरचा मूळ रंग लाल होता का तपकिरी तेही कळत नाही. असं का होतं तर पीव्हीसी मुळात कडक असतं, त्याला लवचिक करायला त्यात प्लॅस्टिसायझर घालतात, आणि हे प्लॅस्टिसायझर उष्णतेत हळूहळू गोंदात उतरतं. पट्टी कडक होते, गोंद मऊ होतो, दोन्हीकडून नुकसान. ही डोकेदुखी टेपच्या जन्मापासूनची आहे, थ्रीएम कंपनीच्या लोकांनी १९४६ मधे विनाइल (म्हणजे हेच पीव्हीसी) इलेक्ट्रिकल टेपच्या पेटंटसाठी अर्ज केला त्याच्या आधी त्यांचंही घोडं इथेच अडलं होतं. चांगल्या कंपनीच्या टेपमधे पट्टी आणि गोंद यांचा मेळ जमवलेला असतो, तुम्ही जे जास्तीचे पैसे देता ते मुख्यतः त्याचेच.

थ्रीएमची सुपर ३३ प्लस ही माझी रोजची टेप. जाडी ०.१८ मिलिमीटरच्या आसपास, १०५ डिग्रीपर्यंत चालते, आणि थंडीत उणे १८ पर्यंत लावता येते असं कंपनी सांगते. आकडे बाजूला ठेवा, हातात घेतल्यावर जो फरक जाणवतो तो ताणाचा. ही टेप ताणली की एकसारखी ताणली जाते आणि मग हळूच मागे येते, त्यामुळे वायरींच्या जुडग्यावर स्वतःच आवळून बसते. स्वस्त टेप ताणली की एकतर मधेच पांढरट होऊन तुटते नाहीतर ताणली ती ताणलेलीच राहते, सैल. सुपर ८८ म्हणून तिचीच जाड बहीण आहे, ०.२२ मिलिमीटर, जिथे घासायची शक्यता जरा जास्त आहे तिथे बरी, पण पातळ वायरींवर ती नीट वळत नाही, जाडपणामुळे कडेला पोकळी राहते, म्हणून मी ती क्वचितच काढतो. थ्रीएमचीच टेमफ्लेक्स १७०० स्वस्त पडते, जाडीला ३३ प्लस एवढीच, पण तापमान ८० डिग्रीच. डिकीतल्या लाइटच्या वायरला, सीटखाली, दाराच्या पॅनलमागे ती छान काम देते आणि तिथे महागडी टेप वाया घालवायची मला गरज वाटत नाही. बॉनेटखाली मात्र नको.

टेप कितीही भारी असली तरी गुंडाळायची पद्धत चुकली की ती सुटणारच, आणि हे मी बारकाईने सांगतो कारण बहुतेकांची टेप इथेच हरते. वायर आधी कोरडी आणि तेलकटपणा काढलेली हवी, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या आणि वाळू द्या. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्यावर चढला पाहिजे म्हणजे सगळीकडे दोन थर होतात. गुंडाळताना टेप एवढी ताणायची की तिची रुंदी पाऊण राहील, त्याहून जास्त नाही. आणि शेवटचा वेढा अजिबात न ताणता, नुसता ठेवायचा आणि अंगठ्याने दाबायचा. टोक कात्रीने कापा. झटका देऊन तोडलं की ते टोक ताणलं जातं, नंतर ते परत आक्रसायला बघतं आणि तिथूनच उचकटायला सुरुवात होते. दोन मिनिटं जास्त लागतात पण सुटलेलं टोक मला तरी बघवत नाही.

बॉनेटखालच्या हार्नेससाठी मी पीव्हीसी सोडून कापडी टेपवर आलो आणि आता परत जाणार नाही. टेसा कंपनीची ५१०३६ ही पॉलिएस्टर कापडाची टेप, १५० डिग्रीपर्यंतची, नवीन गाड्यांच्या इंजिन बाजूच्या हार्नेसवर जे काळं मॅट कापड गुंडाळलेलं दिसतं ना, त्याच जातीची. घासलं तरी टिकते, गोंद वितळून बाहेर येत नाही आणि लावल्यावर काम कंपनीतून आल्यासारखं दिसतं. पण एक समजून घ्या, कापडी टेप म्हणजे कवच आहे, इन्सुलेशन नाही. तिच्यातून ओल आत जाते. उघड्या तांब्यावर थेट कापडी टेप लावणारे पण मी बघितलेत, ते करू नका, आधी जॉइंट नीट बंद करा आणि मग वरून कापड. दुसरी गोष्ट म्हणजे ती ताणली जात नाही, त्यामुळे वायरचा फाटा निघतो तिथे वळवताना सुरकुत्या पडतात, तिथे छोटे तुकडे करून तिरकी गुंडाळावी लागते, सवय व्हायला थोडा वेळ जातो.

तिचीच मऊ भावंडं म्हणजे फ्लीस टेप, टेसाची ५१६०८ त्यातली सगळ्यात माहितीतली. मखमलीसारखी लव असते, हाताने सहज फाटते, कात्री लागत नाही, आणि मुख्य काम आवाज बंद करणं. डॅशबोर्डच्या आत वायरी प्लॅस्टिकवर आपटून जो कटकट आवाज येतो, खडबडीत रस्त्यावर डोकं उठवणारा, तो हिने जातो. स्टिरिओ किंवा कॅमेरा बसवला की नंतर असा आवाज हमखास सुरू होतो, कारण नवीन वायरी मोकळ्या लोंबत असतात, त्यांना फ्लीस टेप लावून मूळ हार्नेसला बांधून टाका, शांतता. इंजिनच्या बाजूला, पाण्याच्या जागी ही नको, तेल आणि पाणी स्पंजसारखं पिते.

एक प्रकार लोकांना फारसा माहीतच नाही, बिनगोंदाची पीव्हीसी टेप. कंपनीच्या बऱ्याच जुन्या हार्नेसवर हीच असते, नुसती पट्टी ताणून गुंडाळलेली आणि फक्त दोन्ही टोकांना थोडी चिकट टेप. जुनी गाडी मूळ रूपात ठेवायची असेल तर हीच शोधा. गोंदच नाही म्हटल्यावर चिकटपणाचा प्रश्न नाही, हार्नेस वाकवला तर आतल्या वायरी एकमेकींवर सरकू शकतात, आणि पुढे कधी परत उघडायची वेळ आली तर उघडणारा तुम्हाला दुवा देईल. लावायला मात्र कंटाळवाणी, एक हात सुटला की सगळं उलगडतं, त्यामुळे एक टोक कशाला तरी बांधून ठेवून काम करा.

सिलिकॉनच्या सेल्फ फ्यूजिंग टेपबद्दल माझं मत थोडं मिश्र आहे. हिलाही गोंद नसतो, पण ताणून स्वतःवरच गुंडाळली की थर एकमेकांत मिसळून एकसंध रबर होतं, नखाने उलगडत नाही, कापूनच काढावी लागते. उष्णता २०० डिग्रीच्या पुढेही सहन करते, पाणी अडवते, हेडलाइटच्या कनेक्टरमागे किंवा टोइंगच्या प्लगजवळ हिच्यासारखी दुसरी नाही. पण ताणल्याशिवाय लावली तर ती जुळतच नाही, चांगली दुप्पट ताण द्यावा लागतो आणि थरांच्या मधे धूळ किंवा तेल गेलं की संपलं. शिवाय बारीकशी चीर पडली की फरकन फाटत जाते, म्हणून जिथे पत्र्याची धार लागते तिथे हिच्यावर कापडी टेप किंवा नालीदार पाइप हवाच. पेट्रोलच्या संपर्कात सिलिकॉन फुगतं, तेव्हा इंधनाच्या पाइपाशेजारी पण विचार करून.

आणि जॉइंटचं काय? इथे मी कुठल्याच टेपला पूर्ण मार्क देत नाही. दोन वायरी पिळून वर टेप मारली की काही दिवस लाइट लागते, मग थरथरीने पीळ सैल होतो, तिथे रेझिस्टन्स वाढतो, जागा तापते आणि टेप आतून भाजते. ओल गेली तर तांबं हिरवं पडतं, आणि ते हिरवेपण नुसतं जॉइंटपुरतं राहत नाही, इन्सुलेशनच्या आत तारांमधून पुढे सरकत जातं, वरून वायर चांगली दिसते आणि आत पावडर. म्हणून जॉइंट योग्य मापाच्या क्रिम्पने (वायरींवर दाबून बसवायची धातूची नळी) करा, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवल्यावर आक्रसणारी नळी चढवा, तापवल्यावर दोन्ही टोकांना गोंदाची बारीक कड बाहेर आलेली दिसली की समजायचं जागा बंद झाली. सोल्डर केलं तर चालतं, पण सोल्डर तारांमधून वर चढतं आणि जिथे ते संपतं तिथे वायर कडक होऊन थरथरीने तिथूनच तुटते, त्यामुळे सोल्डरच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून आधार द्यायलाच हवा. टेपचं काम या सगळ्यानंतर सुरू होतं, जुडगं एकत्र ठेवणं, घासण्यापासून वाचवणं, आवाज थांबवणं.

जुडग्यात दोन-तीन जॉइंट येत असतील तर ते एकाच ठिकाणी घेऊ नका, पुढेमागे ठेवा, नाहीतर टेप गुंडाळल्यावर तिथे एक गाठ तयार होते आणि ती बरोबर पत्र्याच्या भोकात अडकते.

डक्ट टेप, मास्किंग टेप, पॅकिंगची पारदर्शक टेप हे सगळं मी गाड्यांमधून सोलून काढलंय. यातली एकही वायरिंगसाठी नाही, रस्त्यात अडकलात तर घरी पोचेपर्यंत चालवा आणि पोचलात की त्याच दिवशी काढा. जुनी सुती फ्रिक्शन टेप कुणाकडे पडलेली असेल तर तीसुद्धा उघड्या वायरवर नको, ती पाणी धरते.

जुना गोंद काढायला लोक पेट्रोल वापरतात, त्याने वायरचं इन्सुलेशन खराब होतं आणि गरम इंजिनजवळ आगीचा धोका वेगळाच. आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापड भिजवून, थोडा वेळ गुंडाळून ठेवून मग पुसलं की बराचसा निघतो, संयम लागतो. काम सुरू करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा हे वेगळं सांगायला नको. पिवळं आवरण किंवा पिवळा कनेक्टर दिसला तर ते बहुतेक एअरबॅगचं असतं, तिथे टेप घेऊन जाऊ नका. आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतली नारिंगी केबल म्हणजे शेकडो व्होल्ट, या रिव्ह्यूतलं काहीही तिला लागू नाही, ते काम प्रशिक्षित माणसाचंच.

सगळ्या घ्यायच्या नसतील आणि दोनच रोल घेणार असाल तर एक सुपर ३३ प्लस आणि एक १५० डिग्रीवाली कापडी, एवढ्यावर बहुतेक कामं निघतात, फ्लीस टेप स्टिरिओचं काम निघालं की घ्या. रोल उन्हात तापणाऱ्या गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समधे ठेवू नका, त्यातच तो म्हातारा होतो, आणि झिपच्या पिशवीत ठेवा, कारण रोलच्या कडेला एकदा धूळ बसली की पुढच्या प्रत्येक वेढ्याची कड त्या धुळीवरच चिकटते.