प्रॉक्समॉक्सवरचं लाइव्ह मायग्रेशन: पाच महिने १ गिगाबिटवर, चार महिने १० गिगाबिटवर

लाइव्ह मायग्रेशन म्हणजे चालू व्हीएम (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक) बंद न करता दुसऱ्या सर्व्हरवर नेणं. आधी आमचा सेटअप सांगतो, म्हणजे माझे आकडे कोणी जसेच्या तसे स्वतःकडे लावून बघणार नाही. नाशिकच्या एका कारखान्याची सर्व्हर रूम. तीन एकसारखे, जुने पण धडधाकट रॅक सर्व्हर, प्रत्येकी २५६ जीबी रॅम, वर प्रॉक्समॉक्स ८ (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर). व्हीएम वीस-बावीस. त्यांच्या डिस्क एनएएसवर (नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कपेटीवर) आहेत, म्हणून व्हीएम हलवायची म्हणजे फक्त तिची रॅम हलवायची. (अपवाद एक, त्याचं रडगाणं शेवटी.) प्रत्येक सर्व्हरला मदरबोर्डवर १ गिगाबिटचे चार पोर्ट. दोन एनएएसला दिलेले, उरलेल्या दोघांचा बाँड करून (दोन तारा एकत्र बांधून) तो बाकी सगळ्याला. पुढचं महाभारत त्या ‘बाकी सगळ्याला’ मधून झालं.

पहिला महिना मजेत गेला. चाचणीसाठी ३२ जीबी रॅमची एक लिनक्स व्हीएम उभी केली होती, ती अर्ध्या मिनिटात या सर्व्हरवरून त्या सर्व्हरवर जायची. साहेबांना बोलावून दाखवलं. एका खिडकीत पिंग (व्हीएम उत्तर देते का हे तपासणारी हाक) चालू, दुसरीकडे मायग्रेट दाबलं, एकही पिंग चुकला नाही. साहेब म्हणाले, “म्हणजे मेंटेनन्सला आता रात्री थांबायला नको?” मी छाती पुढे काढून म्हणालो, “नाही सर, भर दुपारी करू.”

ती व्हीएम रिकामी होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नुसत्या शून्यांनी भरलेलं रॅमचं पेज (रॅमचा छोटा तुकडा) क्यूईएमयू, म्हणजे प्रॉक्समॉक्सच्या पोटात व्हीएम चालवणारा प्रोग्राम, पूर्ण पाठवतच नाही, ‘हे कोरं आहे’ एवढी चिठ्ठी पाठवतं. ३२ जीबीपैकी खरोखर वापरात होते जेमतेम तीन. मी तीन जीबीची शर्यत जिंकून ३२ ची बढाई मारत होतो.

खरी परीक्षा डेटाबेसच्या व्हीएमने घेतली. तिला ६४ जीबी रॅम आहे आणि ईआरपीचा (कारखान्याच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस ती सगळी खाऊन बसलेला असतो. १ गिगाबिटच्या तारेतून प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातात. म्हणजे एकदा पूर्ण रॅम पाठवायलाच दहा मिनिटं. आणि ती दहा मिनिटं व्हीएम काही हात बांधून बसत नाही. लोक एन्ट्र्या मारतात, रिपोर्ट काढतात, पाठवून झालेली पेजेस पुन्हा बदलतात. पावसाळ्यात ओसरी पुसायला घ्यावी आणि पुसलेल्या भागावरून पोरांनी चिखलाचे पाय घेऊन पळावं, तसं. दुसऱ्या फेरीत फक्त बदललेली पेजेस पाठवायची, तिसऱ्यात त्या वेळात बदललेली. उरलेला ढीग इतका छोटा झाला की व्हीएम क्षणभर थांबवायची, शेवटचं उचलायचं आणि पलीकडे सुरू करायची. केंब्रिजच्या झेनवाल्यांनी (झेन हेही व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) २००५ साली हीच पद्धत मांडताना चालता क्वेक ३ चा गेम सर्व्हर हलवून दाखवला होता, खंड पडला होता ६० मिलिसेकंदांचा. तत्त्व आजही तेच आहे.

फक्त पुसण्याचा वेग चिखलाच्या वेगापेक्षा जास्त हवा. आमच्याकडे महिनाअखेरीला ती व्हीएम सेकंदाला १८० ते २०० एमबी पेजेस बदलत होती, हे प्रॉक्समॉक्सच्या लॉगमध्येच दिसतं. व्हीएम खूप मेमरी ‘डर्टी’ करतेय अशी ओळ येते आणि पुढे आकडा. १८० विरुद्ध ११०. ही शर्यत संपणारच नाही. मग प्रॉक्समॉक्स काय करतं, तर व्हीएम किती वेळ थांबलेली चालेल ती मर्यादा दुप्पट करत जातं. सुरुवात १०० मिलिसेकंदांपासून, मग २००, ४००, ८००. लॉगमध्ये ते आकडे चढताना मी बघत होतो आणि थांबवावं की नाही ते सुचत नव्हतं. ६४०० ला गाडं एकदाचं पलीकडे पोचलं. साडेसहा सेकंद अख्ख्या कारखान्याच्या स्क्रीनवर गोल चकरी. अकाउंट्सचे काका फोनवर: “अरे, खाली काय चाललंय तुझं? माझं व्हाउचर गेलं की राहिलं?”

राहिलं होतं. त्यांनी पुन्हा मारलं.

मला वाटलं होतं, दोन पोर्टचा बाँड आहे म्हणजे २ गिगाबिट मिळतील. एलएसीपी (बाँडची पद्धत) तसं काम करत नाही. एक टीसीपी कनेक्शन कायम एकाच तारेवरून जातं, आणि एका व्हीएमचं मायग्रेशन म्हणजे एकच कनेक्शन. दुसरी तार त्या वेळी गंमत बघत उभी असते. एकदम चार व्हीएम हलवल्या तर कदाचित दोन्ही तारांवर वाटणी होईल, तीही कोणतं कनेक्शन कोणत्या तारेवर हे ठरवणाऱ्या हॅशच्या नशिबावर.

आणि अनेक व्हीएम एकदम हलवण्याची हौसही मी एका मंगळवारी भागवून घेतली. एका सर्व्हरची रॅम स्टिक बदलायची होती, म्हणून त्यावरच्या सगळ्या व्हीएम एकत्र बाहेर काढल्या. दोन्ही तारा काठोकाठ भरल्या. क्लस्टरची (तिन्ही सर्व्हरच्या गटाची) आपसातली नाडी बघणारा कोरोसिंकही त्याच बाँडवर होता. त्याला बँडविड्थ नगण्य लागते, पण पाकिटं वेळेवर पोचायला हवीत, काही मिलिसेकंदांच्या आत. ती रांगेत अडकली. बाकीच्या दोघांना वाटलं तिसरा मेला. तिसऱ्याला कळलं की आपल्याकडे कोरम (बहुमत) नाही. हाय अव्हेलेबिलिटी (सर्व्हर पडला तर व्हीएम दुसऱ्यावर आपोआप सुरू करणारी सोय) चालू असल्याने वॉचडॉग या पहारेकऱ्याने मिनिटभर वाट बघितली आणि सर्व्हर सरळ रीबूट केला. जे मायग्रेशन कोणाला कळूही नये म्हणून चाललं होतं, त्यात सात व्हीएम धाडकन बंद पडल्या. प्रॉक्समॉक्सच्या कागदपत्रांत कोरोसिंकला वेगळं नेटवर्क द्या असं स्पष्ट लिहिलंय. मी ते वाचलंही होतं. ‘छोट्या क्लस्टरला काय फरक पडतो’ हे मात्र माझं स्वतःचं संशोधन.

म्हणून माझं मत असं बनलंय की वेगवान तार घेण्याआधी वेगळी तार घ्या. पहिल्यांदा मी नेमकं तेवढंच केलं, एक पैसाही खर्च न करता. बाँड मोडला. एक पोर्ट ऑफिसच्या ट्रॅफिकला ठेवला. दुसरा फक्त कोरोसिंकला दिला, अडगळीतल्या एका छोट्या स्विचवर, आणि ऑफिसच्या नेटवर्कवरून त्याला दुसरी वाट ठेवली. मायग्रेशनला बँडविड्थची मर्यादा घातली, सेकंदाला ७० एमबी. मायग्रेशन आणखी संथ झालं, पण रीबूटचा प्रकार त्यानंतर एकदाही नाही.

१० गिगाबिटचं स्विच मागितलं असतं तर साहेबांनी दारातूनच परत पाठवलं असतं. पण सर्व्हर तीनच असतील तर स्विच लागतच नाही. प्रत्येकात दोन पोर्टचं एसएफपी प्लस (१० गिगाबिटचं) कार्ड टाकायचं आणि तीन डॅक केबल्सनी (दोन्ही टोकांना प्लग जोडूनच येणाऱ्या तांब्याच्या तारांनी) त्रिकोण जोडायचा, प्रत्येक सर्व्हर उरलेल्या दोघांना थेट. जुन्या बाजारातली तीन कार्डं आणि केबल्स मिळून खर्च साध्या लॅपटॉपच्याही खाली आला. चौथा सर्व्हर आला की हा जुगाड मोडतो, हे आत्ताच सांगून ठेवतो. मग प्रॉक्समॉक्सच्या ‘डेटासेंटर’ ऑप्शन्समध्ये मायग्रेशनचं नेटवर्क म्हणून हा त्रिकोण निवडला. हे विसरलात तर कार्डं नुसती दिवे लुकलुकवत बसतात आणि रॅम जुन्याच वाटेने जाते. मी दोन दिवस विसरलो होतो.

तरीही पहिल्या दिवशी सेकंदाला ४५० एमबीच्या वर काही जाईना. प्रॉक्समॉक्स मूळ सेटिंगमध्ये रॅम एसएसएच (सुरक्षित जोडणीच्या) बोगद्यातून, एन्क्रिप्ट करून पाठवतं, आणि आमच्या वयस्कर प्रोसेसरचा एक कोअर त्यातच शंभर टक्के घाम गाळत होता. मायग्रेशनचा प्रकार ‘इन्सिक्युअर’ केला आणि आकडा सेकंदाला जवळपास १.१ जीबीवर गेला. नाव वाचून भीती वाटते, आणि वाटायलाच हवी. रॅममधले पासवर्ड, किल्ल्या, सगळं उघडं जातं. माझी केबल एका सर्व्हरच्या पाठीतून निघून त्याच रॅकमधल्या दुसऱ्याच्या पाठीत जाते, खोलीला कुलूप आहे, म्हणून मी केलं. तुमचं मायग्रेशन सामायिक स्विचवरून जात असेल तर करू नका, ४५० वर समाधान माना.

जंबो फ्रेमने (नेहमीपेक्षा मोठ्या पाकिटांनी) अर्धा दिवस खाल्ला. पाच पोर्टवर एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) ९०००, सहाव्यावर चुकून १५००. साधा पिंग नीट जातो, एसएसएच लॉगिनही होतं, आणि मायग्रेशन सुरू होऊन तिथेच गोठतं. तुकडे करायला मनाई करून ८९७२ बाइटचा पिंग मारून बघा, दोन मिनिटांत उलगडा होतो. मिळालेला फायदा मात्र माझ्याकडे दहा टक्केही नव्हता, त्यामुळे पुन्हा करायची वेळ आली तर मी १५०० वरच ठेवेन.

आता चार महिन्यांनी: तीच ६४ जीबीची व्हीएम, भर दुपारी, सव्वा मिनिटाच्या आत पलीकडे. खंड बहुतेक वेळा १०० मिलिसेकंदांच्या आसपास. महिनाअखेरीच्या संध्याकाळी एकदा ४०० पर्यंत गेला होता, पण फोन आला नाही.

२५ गिगाबिट घ्यावं का, असं विचारणाऱ्यांना: या मार्गाने नको. कनेक्शन एकच राहतं, आणि एका कोअरला तेवढा माल उपसता येईल याची खात्री नाही. क्यूईएमयूमध्ये एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडायची सोय आहे, लिबव्हर्टवरून (व्हीएम सांभाळणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरवरून) ती वापरताही येते, पण प्रॉक्समॉक्सच्या स्क्रीनवर तसं बटण मला दिसलं नाही. पोस्टकॉपीचंही कोणी सुचवलं होतं. त्यात व्हीएम आधी पलीकडे सुरू होते आणि रॅम मागून लागेल तशी येते. कागदावर छान, पण मधेच तार निघाली तर अर्धी रॅम इकडे, अर्धी तिकडे, आणि व्हीएम गेली. आमच्या सर्व्हर रूममध्ये झाडू मारायला येणाऱ्या मावशींचा उत्साह बघता मी तो विचार सोडला.

उरली ती अपवादाची व्हीएम. हजेरीच्या यंत्राचं जुनं विंडोज, ५०० जीबीची डिस्क स्थानिक एसएसडीवर. ती हलवताना रॅमआधी अख्खी डिस्क जाते, १० गिगाबिटचा रस्ता मोकळा असूनही पलीकडची साटा एसएसडी लिहिण्यात मागे पडते आणि तिथल्या बाकीच्या व्हीएमही रडायला लागतात. तिला सेकंदाला २०० एमबीची मर्यादा घालून रविवारी सकाळी हलवतो. साधारण पाऊण तास लागतो, तेवढ्यात खाली जाऊन मिसळ खाऊन होते.