जिभेखालच्या गोळीचे सात महिने

मणक्याच्या ऑपरेशननंतर ट्रामाडोल ही अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी लिहून दिली होती ती दहा दिवसांसाठी. मी दीड वर्ष घेत राहिलो. २०१८ पासून ती एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे, तरी जुन्या चिठ्ठीवर मिळत गेली. पाठ केव्हाच बरी झाली होती, पण गोळी चुकली की नाक गळायचं, जांभयांवर जांभया यायच्या आणि पाय रात्रभर तळमळायचे.

दोनदा एकदम बंद करून पाहिली. दुसऱ्या वेळी जुलाब, घाम, अंगावर काटा आणि छातीत अशी धडधड की आई पहाटेपर्यंत उशाशी बसून होती. "मन घट्ट कर रे," एवढंच म्हणत होती. पण हे मनाच्या घट्टपणाचं काम नव्हतं. ट्रामाडोल सेरोटोनिनवरही काम करते, म्हणून ती एकदम सोडली की जीव इतका घाबरा होतो, हे पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडून कळलं.

त्यांनी ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन सुरू केली, म्हणजे अशा गोळ्यांची सवय सोडवण्यासाठी जिभेखाली ठेवायची गोळी. पहिली गोळी जुनं औषध सुटल्याचा त्रास नीट सुरू झाल्यावरच द्यायची असते. घाई केली तर ती आधीच्या औषधाला हुसकावून लावते आणि सगळा त्रास एकदम उसळतो. त्यामुळे व्यसनमुक्ती केंद्रातल्या बाकावर मी कुडकुडत बसलो होतो आणि सिस्टर दर थोड्या वेळाने नाडी आणि डोळ्यांच्या बाहुल्या बघून जात होत्या. गोळी मिळाल्यावर तासाभरात पाय शांत झाले. त्या दुपारी मी बाकावरच झोपलो.

गोळी कडू आहे. विरघळेपर्यंत बोलायचं नाही, गिळायचं नाही. सकाळी मुलगी काही विचारायला आली की मी हातानेच 'थांब' म्हणतो. आता तीच घड्याळ बघून दहा मिनिटांनी येते. नंतर पाण्याने चूळ भरायची आणि तासभर ब्रश करायचा नाही, कारण या गोळीने दात खराब होऊ शकतात. हे मला तिसऱ्या महिन्यात कळलं. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

बद्धकोष्ठता अजून आहे. झोप चौथ्या महिन्यापासून सुधारली. गोळ्या थोड्या थोड्या दिवसांच्याच मिळतात, त्यामुळे कामावर सुट्ट्या पडतात आणि पगार कापला जातो.

कोणी उपचार मधेच सोडून पुन्हा जुन्या औषधाच्या डोसवर जाणार असेल तर कळकळीने सांगतो, जाऊ नका. शरीराची सवय मोडलेली असते, तोच डोस जिवावर बेतू शकतो. १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करा.

माझा डोस सध्या निम्म्यावर आला आहे. पुढची कपात दिवाळीनंतर.