"टॉक्सिन्स बाहेर पडताहेत, ताई"

बाबांची दाढ सुजली म्हणून डेंटिस्टनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटच्या गोळ्या दिल्या. या गोळ्यांनी पोट बिघडतं, हे त्यांनीच सांगितलं आणि सोबत प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जंतूंच्या, पुड्याही लिहून दिल्या. म्हणजे हवं ते घरात होतं. तरी मी ३,६०० रुपयांना फसले.

सोसायटीतल्या ओळखीतून एक 'गट हेल्थ कोच', म्हणजे पोटाच्या आरोग्याचा सल्ला देणारी, मिळाली. तिने पुडीचा फोटो मागवला. "ताई, हे सॅकरोमायसिस बोलार्डी. म्हणजे यीस्ट! सत्तरीच्या माणसाला बुरशी खाऊ घालताय?" माझ्या पोटात गोळाच आला. डॉक्टरांना विचारायचं सोडून मी तिच्याकडच्या प्रोबायोटिक कॅप्सूलच्या डब्यासाठी तिला पैसे पाठवले. ते तिच्या नवऱ्याच्या नावावर गेले, हेही तेव्हा खटकलं नाही.

अकोल्यातला मे महिना. पार्सल दुपारभर वॉचमनच्या पत्र्याच्या केबिनमध्ये पडून. हातात घेतला तेव्हा डबा चहाच्या कपासारखा गरम, आणि वर छापलेलं, '२५ अंशांखाली ठेवा'. "आमचे जंतू दणकट आहेत," कोच म्हणाली. अँटिबायोटिकच्या गोळीबरोबर एकाच घोटात द्यायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी जुलाब लागले. आधी चार वेळा, मग आठ. "टॉक्सिन्स बाहेर पडताहेत, ताई. चांगलं लक्षण आहे." ओआरएससुद्धा नको, त्यात साखर असते म्हणे. आणि मी ऐकलं! पाचव्या दिवशी पहाटे बाबा बाथरूमच्या दारात मटकन खाली बसले. जीभ सुकलेली, आवाज खोल गेलेला. दोन दिवस सलाईन. अँटिबायोटिकनंतर आतड्यात माजणाऱ्या सी. डिफिसिल या जंतूसाठी शौचाचा नमुना तपासला, तो सुदैवाने निगेटिव्ह आला.

तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. यीस्ट होतं म्हणूनच तर ते दिलेलं. अँटिबायोटिक बॅक्टेरियांना मारतं, यीस्टला नाही. कोचच्या कॅप्सूलमध्ये लॅक्टोबॅसिलस, म्हणजे बॅक्टेरियाच. गोळीबरोबर पोटात गेले की त्यांचाही निकाल. द्यायचेच तर निदान दोन तासांचं अंतर हवं. (मात्र प्रतिकारशक्ती फार कमी असेल किंवा मोठ्या शिरेत नळी घातलेली असेल, तर यीस्टही धोक्याचं. त्यामुळे मेडिकलवाल्याच्या नव्हे, डॉक्टरांच्याच सांगण्यावरून घ्या.)

घरी आल्यावर डबा उजेडात धरला. '५० अब्ज जंतू' ठळक अक्षरात, पण कुठला स्ट्रेन, म्हणजे जंतूचा नेमका उपप्रकार, याचा पत्ता नाही. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक १४ आकडी असतो; मी बोट ठेवून तीनदा मोजले, तेराच भरले. एक्स्पायरीचं स्टिकर जरा फुगलेलं वाटलं म्हणून नखाने सोललं. खाली मूळ तारीख, सात महिन्यांपूर्वी उलटून गेलेली.

पैसे परत मागितले तर म्हणते, "ताई, हे औषध नाहीच. डब्यावर लिहिलंय की." खरंच लिहिलं होतं, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात: 'औषधी वापरासाठी नाही'. मग तिने मला ब्लॉक केलं.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी बिल मागितलं. बिल मी घेतलंच नव्हतं. आता तक्रारीला जोडायला चॅटचे फोटो आहेत, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आहे आणि ते स्टिकर. बाबांच्या औषधांच्या वहीत चिकटवून ठेवलंय.