‘नंबर नको, लायसन्स नको’ म्हणून विकली जाणारी स्कूटर

एकत्र कुटुंबात पहिली इलेक्ट्रिक गाडी दहा ठिकाणी चौकशी करून येते. पासिंग, हिरवी पाटी, विमा, सगळं रीतसर. फसगत होते ती तिसऱ्या-चौथ्या गाडीला. आजोबांना मंडईत जायला आणि दहावीतल्या मुलीला क्लासला एक ‘छोटी’ हवी असते. दुकानदार म्हणतो, नंबर नको, लायसन्स नको, विमा नको. स्पीड 25 चा आहे, पण म्हणाल तर 45 करून देतो.

गोम त्या शेवटच्या वाक्यात आहे. ही सूट मिळते ती मोटर 250 वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किमीपेक्षा कमी असेल तरच, आणि तेही त्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र असेल तर. वेग सोडवणं मात्र पोरखेळ असतो. बऱ्याच कंट्रोलरमधून (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारी पेटी) दोन वायरींचा एक छोटा सॉकेट बाहेर आलेला असतो. जोडलेला असला की वेग अडतो, उपटला की सुटतो. तो उपटला की कायद्याच्या दृष्टीने तुमच्याकडे बिगरनोंदणीची, बिगरविम्याची मोटारगाडी उरते. अपघात झाला तर भरपाई घरातून. मुलगी चालवत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ खाली पालकाला 25 हजार दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुकानदार मात्र बहुतेक वेळा नामानिराळा राहतो.

म्हणून पैसे देण्याआधी सीटखालचा किंवा पायदानाखालचा कंट्रोलर उघडून दाखवायला सांगा. मोटरवर ‘250W’ कोरलेलं असतंच, कोरायला काय लागतं! कंट्रोलरच्या स्टिकरवरचा अँपिअरचा आकडा बघा. बॅटरीचे 60 व्होल्ट गुणिले 25 अँपिअर म्हणजे 1500 वॉट. चढावर मोटर थोडा वेळ जास्त ओढते हे खरं, पण सहापट कशाला लागेल?

दुसरी लबाडी बॅटरीची. ‘ग्राफीन’ म्हणून जी विकतात ती बहुतेक वेळा लेड-ॲसिडच असते: 12 व्होल्टचे पाच डबे, एकापुढे एक जोडलेले. एक डबा उचलून बघा. पाचही मिळून वजन साधारण 40 किलोच्या घरात जातं. तेवढ्याच क्षमतेचा लिथियम पॅक याच्या निम्म्याहूनही हलका असतो. रेंज ‘100 किमी’ सांगतात. हिशोब करा: 60 व्होल्ट, 28 अँपिअर-तास म्हणजे 1680 वॉट-तास, म्हणजेच 1.68 युनिट. त्यातले जेमतेम 1.3 वापरात येतात आणि किलोमीटरला 25 वॉट-तास धरले तर पन्नासेक किमी. वेग वाढवला की त्याहून कमी.

गोदामात महिनोन्‌महिने चार्ज न करता पडलेले डबे नव्या गाडीत बसवतात, हे सर्रास चालतं. पाचांतला एक खराब झाला की उरलेले चारही निकामी होतात. वॉरंटीत मग एकच बदलून मिळतो, तोही जुना.

पक्क्या बिलावर (जीएसटी 5 टक्के) चॅसिस नंबर, मोटर नंबर, बॅटरीचा प्रकार आणि प्रत्येक डब्याचा नंबर लिहून घ्या. प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यातलं मॉडेल, बॅटरी, मोटर गाडीशी ताडून पाहा. दुसऱ्याच मॉडेलचा कागद पुढे करणारे कमी नाहीत.

गाडी आधीच घेतली असेल तर सॉकेटचा फोटो काढून तो परत जोडा, ‘45 करून देतो’ असा मेसेज आला असेल तर पुसू नका, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवा. बिल हाताशी ठेवा.